शेवटच्या पानापासून

चार्ज घेताना हेमांगी तोडकरने एकच गोष्ट मागितली. विभागप्रमुखाचा लॅपटॉप फॉरमॅट मारून मिळावा.

"तसं नाही करता येणार, मॅडम," काटकर म्हणाले. ते वनस्पतिशास्त्र विभागाचे अधीक्षक होते आणि चार्जच्या दिवशी त्यांच्या अंगात एरवी नसणारा उत्साह असे. किल्ल्यांचा जुडगा, विभागाचा शिक्का आणि तो काळा लॅपटॉप त्यांनी टेबलावर पूजा मांडावी तसा मांडला होता. "चार्ज म्हणजे जसं आहे तसं. तुम्ही फॉरमॅट मारलात, तर डेडस्टॉक नोंदवहीतला लॅपटॉप तो हाच, हे मी ऑडिटला कसं सांगू?"

"लॅपटॉप तोच राहील, काटकर. आतली प्रणाली तेवढी नव्याने टाकायची."

"आतलंच तर चार्जमध्ये असतं. बाहेरून काय, डबा आहे."

समोरच्या खुर्चीत प्रमिला जहागीरदार बसल्या होत्या. त्या आज निवृत्त होत होत्या. मिळालेला पुष्पगुच्छ त्यांनी कचऱ्याच्या टोपलीला टेकवून ठेवला होता.

"पुसू दे की त्यांना," त्या काटकरांना म्हणाल्या. "माझा वास येत असेल."

"तसं नाही मॅडम," हेमांगी म्हणाली. "नियमाने पाहिलं तर..."

"नियम मला नका सांगू, डॉ. तोडकर. तुमचा प्रबंध मी तीनदा परत पाठवला होता. तेव्हा कुठे तुम्हाला नियम कळले."

तिसऱ्या वेळी प्रबंध परत आला तेव्हा हेमांगी याच खोलीबाहेर, पाण्याच्या कूलरपाशी रडली होती, आणि जहागीरदार मॅडम तिच्या शेजारून बाटली भरून निघून गेल्या होत्या.

शेवटी अपग्रेडवर तडजोड झाली. प्रणालीची नवी आवृत्ती जुनीवर चढेल, आतलं सगळं जागच्या जागी राहील आणि काटकरांच्या हिशेबी लॅपटॉप तोच राहील. अपग्रेड निम्मं झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला: आधीचं वळण कायम ठेवायचं? हेमांगी वाचत होती, तेवढ्यात काटकरांनी टेबलापलीकडून हात लांबवून 'हो' दाबलं.

"जसं आहे तसं," ते म्हणाले.

जहागीरदार उठल्या. "आपल्याला शुभेच्छा," एवढं दारातून म्हणाल्या आणि गेल्या. पुष्पगुच्छ तिथेच राहिला.

*

वळण म्हणजे काय हे त्या काळात शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. ते कसं चालतं, याचा विचार मात्र फारसं कुणी करत नसे.

पूर्वीचे संगणक आज्ञेची वाट पाहायचे. तुम्ही कळ दाबली की काम व्हायचं. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांनी ही वाट पाहणं सोडलं होतं. तुमचं बोट कुठे अडखळतं, कोणती फाइल आधी उघडता, कोणतं वाक्य लिहून खोडता, याची ती सतत नोंद ठेवत आणि पुढे तुम्ही काय कराल याचा अंदाज बांधत. अंदाजाची खात्री असेल तर ते काम तुमच्या क्षणभर आधी करून टाकत. तुम्ही ते मागे फिरवलं नाहीत, तर अंदाज बरोबर. फिरवलंत, तर चूक. ही चूक कमी करत नेणं एवढंच काम वळणाला दिलेलं असे.

इथवर सगळं सोयीचं आहे. पण चूक दोन प्रकारे कमी होते. यंत्राचा अंदाज माणसाच्या सवयीकडे सरकला तरी कमी होते, आणि माणसाची सवय यंत्राच्या अंदाजाकडे सरकली तरी कमी होते. समीकरणाला दोन्ही सारखंच. फरक इतकाच, की यंत्र दमत नाही.

वळण बंद करता येत होतं. पण विद्यापीठाची कामं मग उघडत नसत, कारण पासवर्ड जाऊन आता वळणच माणसाची ओळख झालं होतं. आणि या लॅपटॉपला ओळख होती ती विभागप्रमुखाची, हेमांगीची नव्हे. ती स्वतःच्या पद्धतीने काम करू लागली की यंत्र थबके. चेहरा दाखवा, पुन्हा खात्री करा, थांबा. जहागीरदारांच्या पद्धतीने केलं की सगळं सुरळीत.

त्यांची पद्धत तिला पहिल्याच दिवशी कळली. कुठलाही अहवाल, कुठलाही प्रबंध उघडला की तो शेवटच्या पानावर उघडायचा. तिथे संदर्भसूची असते. जहागीरदार तिथून वाचायला सुरुवात करत. सूचीत तीन चुका सापडल्या की पुढचं वाचत नसत, म्हणजे मागचं. स्वल्पविराम, वर्ष, नावातलं एखादं अक्षर. तीन झाल्या की प्रबंध परत.

हेमांगी फाइल उघडायची, चडफडत पहिल्या पानावर जायची आणि वाचायला लागायची. यंत्र विचारायचं, पुन्हा खात्री करा.

"मला नाही लागायची असली सवय," ती घरी नवऱ्याला म्हणाली होती. "ते कसं चालतं हे मला माहीत आहे."

निशिकांत शाळेत भूगोल शिकवायचा. "भरती कशी येते हे माहीत असलं म्हणून पाय ओले व्हायचे राहतात का?" तो म्हणाला होता.

*

तहसीन बागवान हेमांगीकडे पीएच.डी. करत होती. तिचं आजोळ राजापूरजवळ, सड्याच्या कडेला. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर्षातले आठ महिने तिथे काही नसतं आणि मग अचानक इंचभर मातीत फुलंच फुलं. त्यातला एक बुटका तेरडा तहसीनने अभ्यासाला घेतला होता. दुष्काळ सोसलेल्या झाडाचं बी, पुढच्या पिढ्यांना भरपूर पाणी दिलं तरी, घाबरल्यासारखं उशिरा रुजतं का, असा तिचा प्रश्न होता.

तो दोघींनी मिळून शोधला होता. भर उन्हात एका छत्रीखाली उकिडवं बसून रोपं मोजताना. तहसीनच्या मामींनी दिलेलं घावन आणि खोबऱ्याची चटणी हेमांगीने सड्यावर बसूनच खाल्ली होती. "अगं, हे होणार बघ," ती तेव्हा म्हणाली होती.

विभागप्रमुख झाल्यावर आलेल्या पहिल्या प्रगती अहवालाला हेमांगीने 'असमाधानकारक' शेरा दिला. सूचीत तीन चुका होत्या. तिला वाटलं, बरं झालं, पोरीला शिस्त लागेल. लागोपाठ दुसरा तसाच शेरा मिळाला तर नोंदणी रद्द होते, हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या अहवालाचा मसुदा घेऊन तहसीन आली तेव्हा हेमांगीने मान वर केली नाही.

"बसा," ती म्हणाली.

तहसीन उभीच राहिली. गेले काही महिने मॅडम तिला 'तुम्ही' म्हणत होत्या. तिने आधी तो मान समजला होता.

"मॅडम, चौथं प्रकरण पाहिलंत का? आकृती सात?"

"सूचीत दोन ठिकाणी वर्ष चुकलंय. एका ठिकाणी खंड क्रमांक नाही."

"ते मी आज दुरुस्त करते. पण आकृती सात..."

"सूची धड करता येत नाही त्या माणसाची सातवी आकृती मी कशाला बघू? हे तुम्ही स्वतः एकदा तरी वाचलंत का?"

"मी लिहिलंय, मॅडम."

"मी ते विचारलं नाही."

तहसीनचे कान लाल झाले. "चार वर्षं झाली. हरितगृहात वर्षाला दोन पिढ्या घेतल्या मी. एसी बंद पडला तेव्हा ओल्या चादरी टांगून रोपं वाचवली. आणि तुम्ही स्वल्पविराम मोजताय."

"आवाज खाली."

"पहिल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, हे होणार बघ."

"तेव्हा तुमची सूची पाहिली नव्हती."

हे वाक्य हेमांगीला आवडलं. कापून काढल्यासारखं नेमकं होतं. तहसीन गेल्यावर तिने शेऱ्याची चौकट उघडली. वळणाने शब्द आधीच मांडून ठेवला होता: असमाधानकारक. तिने तो मागे फिरवला नाही. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. तोवर मसुदा तिच्याकडेच राहणार होता.

*

रविवारी सकाळी निशिकांतने तिच्यापुढे काही छापील पानं ठेवली. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकासाठी त्याने नदीखोऱ्यांवर एक धडा लिहिला होता.

"जरा नजर टाक. फाडून खाऊ नकोस."

"मी काय फाडून खाते?"

"परवा दूधवाल्याला म्हणालीस, हे बिल तुम्ही स्वतः वाचलंत का. तो घाबरून दोन पिशव्या जास्त ठेवून गेला."

ती हसली नाही. चहाचा कप बाजूला सरकवून तिने पानं उचलली आणि वाचायला लागली. थोड्या वेळाने तिने वर पाहिलं. निशिकांत तिच्या हातांकडे बघत होता.

"काय?"

"मी अजून पुढून लिहितो, हेमा."

तिने खाली पाहिलं. पानांचा गठ्ठा तिने उलटा केला होता. ती शेवटच्या पानावरचे स्वाध्याय तपासत होती आणि पेन्सिलने दोन ठिकाणी खूण झाली होती. गठ्ठा उलटल्याचं तिला आठवत नव्हतं. खूप आठवून पाहिलं. कप सरकवला, पानं उचलली, वाचायला लागली. मधली हालचाल नव्हतीच.

"लॅपटॉप नाही इथे," ती हळूच म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. सहा महिने मी हेच म्हणतोय. तू जहागीरदारांसारखी बोलतेस, जहागीरदारांसारखं पाणी पितेस. घोट घेऊन समोरच्याकडे बघत राहतेस. आपल्या घरी त्या एकदाच आल्या होत्या, आणि आता रोज असतात."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"बघ," तो म्हणाला. त्याने पानं काढून घेतली आणि कडा जुळवत आत गेला.

हेमांगी वैज्ञानिक होती. एका निरीक्षणावर ती निष्कर्ष काढत नसे. तिने पिशवीतून तहसीनच्या अहवालाची छापील प्रत काढली, टेबलावर सरळ ठेवली आणि स्वतःशी ठरवलं, पहिल्या पानापासून. दुसऱ्या परिच्छेदाला डोळे शब्दांवरून घसरायला लागले. वाक्यं कळत होती, पण त्यांच्यात काही सापडत नव्हतं, आणि सापडत नाही म्हणून चीड येत होती. अंगठा आपोआप गठ्ठ्याच्या मागच्या कडेकडे जात होता. तिने तो मुठीत दाबून धरला. आठव्या पानापर्यंत पोचेस्तोवर तिचं डोकं ठणकायला लागलं, आणि त्या ठणक्यातून एकच विचार स्पष्ट आला: ही मुलगी बेफिकीर आहे.

तो विचार तिचा होता की नाही, हे तिला सांगता येईना.

*

जहागीरदारांनी दार उघडलं, पण साखळी काढायला वेळ घेतला.

"बसा. चहा मी करत नाही या वेळी."

खोली स्वच्छ होती. एका भिंतीवर मुलाचा पदवीदान समारंभातला फोटो, दुसरीवर काहीच नाही. हेमांगीने आडवळण न घेता सांगितलं. फाइलचं, पानांचं, तहसीनच्या दुसऱ्या शेऱ्याचं.

"म्हणजे तुम्ही मला दोष द्यायला आलात," जहागीरदार म्हणाल्या.

"तुमची सवय आहे ती. ती कशी मोडायची हे विचारायला आलेय."

"माझी?" त्या पहिल्यांदाच हसल्या. हसणंही कोरडं होतं. "मी शेवटापासून वाचत नव्हते. बर्वे वाचायचे."

बर्वे त्यांच्या आधीचे विभागप्रमुख. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"बर्व्यांना एकदा एक चोरलेला प्रबंध सूचीवरून सापडला. पोराने दुसऱ्याची सूची उचलली होती, छपाईच्या चुकांसकट. तेव्हापासून ते आधी सूची बघायचे. त्यांच्याकडे कारण होतं. मग ही वळणाची यंत्रं आली, बर्वे गेले, आणि चार्ज माझ्याकडे आला. जसं आहे तसं. काटकरच होता तेव्हाही."

"तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं ना. तुम्ही काय पहिल्या हुशार बाई आहात?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि हेमांगीकडे बघत राहिल्या. "मी फॉरमॅट मारला होता. गुपचूप. यंत्र कोरं केलं आणि आठवड्यात ते परत तसंच वागायला लागलं. बिचाऱ्याचा काय दोष? ते माझ्याकडे पाहून शिकलं. तोवर मी पक्की बर्वे झाले होते. आणि खरं सांगू? तोवर मला ते आवडायलाही लागलं होतं. लोक घाबरतात. वेळ वाचतो."

"माझा प्रबंध तीनदा..."

"वाचला नव्हता मी." त्यांनी हे वेळ सांगावी तसं सांगितलं. "चौथ्यांदा सूची बिनचूक होती म्हणून पास केला. तुमचं संशोधन कशावर होतं, हे मला आजही माहीत नाही."

हेमांगी उठली.

"त्या मुलीचं काय करणार?" जहागीरदारांनी विचारलं.

"वाचणार."

"प्रयत्न करा," त्या म्हणाल्या. हेमांगीला वाटलं, या वाक्यात मत्सर आहे. पण तेवढं ऐकू येण्याइतके आपले कान आता शाबूत आहेत का, याची तिला खात्री नव्हती. मागून साखळी लागल्याचा आवाज आला.

*

बैठक दुपारी होती. हेमांगी सकाळीच विभागात आली आणि तिने काटकरांसमोर लॅपटॉप फॉरमॅटला लावला.

"मॅडम, हे लेखी द्यावं लागेल."

"देते."

"ऑडिटला मी सांगणार, मी नको म्हटलं होतं."

"सांगा. बर्व्यांच्या वेळचं ऑडिट झालं की माझंही करा म्हणावं."

काटकरांना काही कळलं नाही, पण ते दुखावले जाऊन बाहेर गेले.

यंत्र कोरं झालं. पडदा पांढरा, कसलाही अंदाज नसलेला. कार्यालयातून नवी ओळख पटवून घेण्यात तासभर गेला. मग तिने तहसीनचा अहवाल उघडला. तो पहिल्या पानावर उघडला. ती त्या पानाकडे पाहत राहिली. मोकळं वाटायला हवं होतं.

तिचं बोट हललं आणि फाइल शेवटच्या पानावर गेली.

तिने ती मागे आणली. थोडं वाचलं. बोट पुन्हा गेलं. पुन्हा मागे आणली. असं किती वेळा झालं ते तिने मोजलं नाही; यंत्राने मोजलं. कारण तिने चिडून फाइल बंद केली आणि परत उघडली, तेव्हा ती आपणहून शेवटच्या पानावर उघडली. कोपऱ्यात अदबीने अक्षरं आली होती: आपली पसंती लक्षात ठेवली आहे.

हेमांगीने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि ती हरितगृहाकडे चालू लागली.

तहसीन कुंड्यांना पाणी घालत होती. हेमांगीला बघून तिने नळ बंद केला नाही.

"चौथं प्रकरण वाचून दाखव," हेमांगी म्हणाली.

"काय?"

"मोठ्याने. पहिल्या ओळीपासून. मी ऐकते."

"आता? दोन तासांत बैठक आहे. शेरा तर तुम्ही लिहून ठेवलाय. काटकर सर सगळ्यांना सांगत फिरतात."

"शेरा अजून गेलेला नाही. मला डोळ्यांनी वाचता येत नाहीये, तहसीन. मी वाचायला लागले की हात शेवटच्या पानावर जातो. ऐकताना तसं करता येणार नाही. तू मध्ये थांबू नकोस, मी काहीही म्हटलं तरी."

तहसीनने नळ बंद केला आणि तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दया नव्हती. "म्हणजे ते यंत्राचं होतं," ती म्हणाली. "सहा महिने."

"यंत्राचं आणि माझं. वेगळं करता येत नाही."

"बरी सोय आहे."

तरी तिने फोनवर प्रकरण काढलं आणि वाचू लागली. सूड घेतल्यासारखं वाचत होती, भरभर, स्वर सपाट ठेवून. पहिल्याच पानावर हेमांगीच्या ओठांशी आलं: हे तुम्ही स्वतः वाचलंत का? तिने पदराचं टोक मुठीत धरलं. पुढे एका जागी ती खरंच म्हणाली, "ही संज्ञा चुकीची..." तहसीन थांबली नाही. तिचा आवाज चढला इतकंच.

आणि मग आकृती सात आली. तहसीनने ती शब्दांत सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

दुष्काळात वाढलेल्या झाडाचं बी उशिरा रुजत होतं, हे अपेक्षितच होतं. त्याच्या मुलांना भरपूर पाणी दिलं. त्यांचंही बी उशिरा रुजलं. नातवंडांचंही. डीएनएवर चिकटलेले सूक्ष्म रासायनिक गट, म्हणजे दुष्काळाच्या खुणा, पिढीमागून पिढी तसेच उतरत होते. दुष्काळ कुणी पाहिला नव्हता. भीती तेवढी आली होती. सड्यावर ती घातकच. इंचभर माती लवकर सुकते, उशिरा आलेलं रोप फुलायच्या आत मरतं. पण पाणी न चुकता देत राहिलं तर खुणा विरळ होत जात होत्या, आणि चौथ्या पिढीचं बी वेळेवर रुजलं होतं. एका वाफ्यात मात्र एसी बंद पडला त्या उन्हाळ्यात मध्येच पाण्याला खंड पडला होता. त्या वाफ्यातल्या खुणा पुन्हा पहिल्याइतक्या दाट झाल्या होत्या. एका खंडाने.

"म्हणून सातत्य महत्त्वाचं," तहसीनने शेवटचं वाक्य वाचलं आणि फोन खिशात टाकला.

हरितगृहात थेंब पडत होते. हेमांगीच्या ओठांशी शब्द येत होते, पण ते जहागीरदारांचे होते.

"हे चांगलं आहे," ती अखेर म्हणाली. एवढ्या साध्या वाक्यासाठी तिला घाम फुटला होता. "अगं, हे फार चांगलं आहे."

तहसीनच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "मार्चमध्येही एवढंच चांगलं होतं, मॅडम. आकृती सात तेव्हाही होती."

*

बैठकीत हेमांगीने 'समाधानकारक' असं हाताने लिहिलं आणि पहिला शेरा अहवाल न वाचता दिला होता, हेही लिहिलं. समितीतल्या एकाने ते कार्यवृत्तात नको म्हणून सुचवलं. दुसऱ्याने विचारलं, मग विभागप्रमुख झाल्यापासूनच्या बाकीच्या शेऱ्यांचं काय? अध्यक्षांनी चहा मागवला. तहसीनची नोंदणी वाचली.

बाहेर तहसीन एक अर्ज घेऊन उभी होती. मार्गदर्शक बदलून मिळण्याचा. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

"तुमची सही लागते," ती म्हणाली.

"आता शेरा बदललाय."

"माहीत आहे." ती पेन पुढे करून उभी राहिली. "तुम्ही लॅपटॉप कोरा केलात. मला कोण कोरं करणार? मी रोज रात्री सूची तपासते. जेवताना तपासते. एक वाक्य लिहिते आणि तुमच्या आवाजात ते खोडते. आता चांगलं बोललात तरी मी वाट बघत बसणार, परत कधी."

हेमांगीला म्हणायचं होतं, न चुकता पाणी दिलं तर. पण ते तहसीनचंच वाक्य होतं आणि ते तिच्याकडून घ्यायचा हक्क आता उरला नव्हता. तिने पान उलटं केलं नाही. पहिल्या ओळीपासून अर्ज वाचला, सावकाश, बोट ओळीखाली धरून, आणि सही केली.

"थँक्यू मॅडम," तहसीन म्हणाली आणि प्रयोगशाळेत गेली.

हेमांगी बाटली भरायला कूलरपाशी थांबली. तिथून प्रयोगशाळेचं उघडं दार दिसत होतं. आत एम.एस्सी.ची एक मुलगी प्रॅक्टिकलचं जर्नल तपासून घ्यायला उभी होती. नवी होती, हसरी. "ताई, पहिलं चित्र बघा ना, पेशी एकदम मस्त आल्यात," ती सांगत होती.

तहसीनने जर्नल हातात घेतलं. मुलीकडे न पाहता ते उलटं केलं आणि मागचं पान उघडलं.

मुलीचं हसू ओठांवरच अडलं. तहसीनचं बोट ओळींखालून सरकू लागलं, एक चूक, दुसरी. कूलरमधून बाटली भरून सांडत होती. हेमांगीने ती तशीच सोडली, आत गेली आणि तहसीनच्या हातावर आपला हात ठेवला. तहसीनने झटकन तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत इतका राग होता, की हेमांगीला हात मागे घ्यावासा वाटला.

तिने घेतला नाही. दोघींचे हात तसेच असताना तिने जर्नल सुलटं केलं आणि पहिलं पान उघडलं.

"वाच," ती त्या मुलीला म्हणाली. "मोठ्याने. आम्ही दोघी ऐकतो."